स्क्राइबस १.६ वर दिवाळी अंक लावला: बाकी ठीक, पण फ्रेमला स्टाइल का नाही?

सॉफ्टवेअरचं दर महिन्याला भाडं भरायचं नाही एवढ्याच कारणासाठी स्क्राइबस या पानं लावायच्या मोफत सॉफ्टवेअरवर आलो, त्यामुळे फुकटच्या मालाला मी जरा जास्तच सांभाळून घेतो हे लक्षात ठेवूनच वाचा. १.४ वर जोडाक्षरं फुटायची, १.५.३ पासून हार्फबझ (अक्षरं नीट जोडून मांडणारा कोड) आलं आणि आता १.६ वर युनिकोड मराठी नीट दिसते, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार एकच. टेक्स्ट फ्रेमला, म्हणजे मजकुराच्या चौकटीला, स्टाइलच नाही; रूप एकदा ठरवायचं आणि एकाच जागी बदललं की सगळीकडे बदलायचं, ती सोयच नाही! पॅराग्राफला आहे, कॅरेक्टरला आहे, अहो साध्या रेघेलापण आहे, फ्रेमला नाही. अडोबीच्या इनडिझाइनमध्ये चौकटींसाठीची अशी ऑब्जेक्ट स्टाइल २००५ पासून आहे. आता बघा, अंकभर लेखक-परिचयाच्या चौकटी, सगळ्यांना आतून ३ मिमी मार्जिन, मागे फिकट टिंट, पानं लावून झाली आणि संपादक म्हणाले मॅटर कोंबल्यासारखं दिसतंय, ४ मिमी करा. झालं, बसा एकेक चौकट शोधत. कॉपी-पेस्ट करा नाहीतर स्क्रॅपबुकातून (ठेवणीतल्या तुकड्यांच्या पेटीतून) ओढा, चौकट पानावर आली की मूळ चौकटीशी तिचा संबंध संपला. मास्टर पेजवर (अनेक पानांना लागू होणाऱ्या साच्यावर) ठेवावी तर पानावर तिच्यात मजकूर भरता येत नाही.

त्यात शिरोरेषा. रोमन लिपीत शेजारच्या कॉलमच्या ओळी किंचित वरखाली झाल्या तर चटकन कळत नाही, आपल्याकडे मात्र सलग रेघच तुटलेली दिसते. पहिली ओळ फॉन्टच्या उंचीवर बसवली आणि एका फ्रेमची सुरुवात मोठ्या पोटमथळ्याने झाली की तिच्या ओळी शेजारच्यापेक्षा खाली सरकतात, संपलंच.

इथपर्यंत लिहून पोस्ट करणारच होतो, पण आता अर्धं मत बदललंय. पॅराग्राफ स्टाइलमध्येच ओळींचं अंतर बेसलाइन ग्रिडला (पानभर समान अंतरावर आखलेल्या रेघांना) बांधून टाकलं की फ्रेम कुठेही सरकवा, मुख्य मजकुराच्या ओळी लायनीत येतात. हे खरंच झकास आहे, आधी हेच करा. चौकटींसाठी ओळखीतल्या एका मुलाने पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहून दिली: प्रत्येक पानावर जाते, टाइप ४ म्हणजे टेक्स्ट फ्रेम तेवढ्या उचलते, नावाची सुरुवात ठरलेली असेल तर चारही बाजूंचं मार्जिन बदलते. म्हणजे चौकट काढली की प्रॉपर्टीजमध्ये लगेच नाव द्यायचं, आळस केला की ती सुटली. चालतं मस्त, पण जे एका स्टाइलमध्ये व्हायला हवं त्यासाठी कोड लिहायचा? लेखक मंडळींनी डीटीपी करायचं की प्रोग्रामिंग?

तरी भाडं वाचलं, पुढचा अंकही यावरच. फक्त प्रेसवाला ओपन फाइल (बदल करता येणारी मूळ फाइल) मागेल, आमच्याकडे प्रेसवाले अजून पेजमेकर हे जुनं सॉफ्टवेअर उघडून बसलेत, त्यांच्याशी हुज्जत घालू नका, पीडीएफ द्या आणि पहिल्या फर्म्याचं (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचाचं) प्रूफ स्वतः बघा.