झाडे दिसतात, पीट दिसत नाही: ‘ग्लोबल फॉरेस्ट वॉच’चे परीक्षण

जंगल घटल्याचे आकडे वर्षातून एकदा बातम्यांत येतात आणि मागे पडतात. ते आकडे ज्या नकाशावरून काढले जातात तो नकाशा मात्र कोणालाही, केव्हाही, विनामूल्य उघडता येतो. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१४ मध्ये आजच्या स्वरूपात सुरू केलेली ‘ग्लोबल फॉरेस्ट वॉच’ ही सेवा मी बराच काळ वापरत आहे. हे परीक्षण एकाच प्रश्नापुरते आहे: उष्णकटिबंधातील जंगले आणि त्यांच्या मुळांखालची पीटभूमी (पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची जमीन) यांचा हवामानबदलाशी असलेला संबंध समजून घेण्यास ही सेवा कितपत उपयोगी पडते?

नकाशाचा पाया म्हणजे मेरीलँड विद्यापीठातील मॅथ्यू हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले काम. लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांतील ३० मीटर लांबीरुंदीच्या प्रत्येक चौकोनात २००१ पासून कोणत्या वर्षी झाडे नाहीशी झाली, हे त्यातून कळते. असा चौकोन नकाशावर गुलाबी दिसतो आणि वर्षांची पट्टी सरकवली की अ‍ॅमेझॉनच्या कडेने तो गुलाबी रंग रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यांसारखा पसरत जातो. वर्षअखेरची वाट न पाहता मिळणाऱ्या इशाऱ्यांची सोय मला याहूनही मोलाची वाटते. विषुववृत्तीय प्रदेशावर महिनोन्महिने ढग असतात आणि साध्या उपग्रहचित्राला त्यांच्याखालचे काही दिसत नाही. वाखेनिंगेन विद्यापीठाची रडारवर आधारलेली प्रणाली ढगांच्या आरपार पाहते व १० मीटरपर्यंतचा बदल टिपते. पेरूच्या अ‍ॅमेझॉनमधील आदिवासी गावांना हे इशारे पोहोचवून पाहणाऱ्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या वर्षी तेथील जंगलतोड निम्म्याने घटल्याचे आढळले होते. नकाशामुळे जंगल वाचते, असे म्हणायला एवढा आधार पुरेसा आहे.

आकडे वापरताना मात्र सावधगिरी हवी. येथे मोजले जाते ते ‘वृक्षाच्छादन’, म्हणजे ५ मीटरहून उंच झाडांचे आच्छादन, आणि त्यात नैसर्गिक जंगलाबरोबर पामतेलाच्या व रबराच्या बागाही येतात. त्यामुळे प्रत्येक गुलाबी ठिपका जंगलतोडीचा नसतो आणि प्रत्येक हिरवा चौकोन जंगलाचा नसतो. उष्णकटिबंधापुरते ‘प्राथमिक जंगल’, म्हणजे जुने, नैसर्गिक जंगल, हा नकाशावरचा वेगळा थर निवडला की हा घोळ बराच कमी होतो. २०२४ मध्ये ६७ लाख हेक्टर प्राथमिक जंगल नष्ट झाले आणि त्यात जवळपास निम्मा वाटा आगींचा होता, हा आकडा याच थरातून आलेला आहे.

कार्बनचा थर उघडल्यावर सेवेची खरी ताकद कळते. २००१ ते २०१९ या काळात जगातील जंगलांनी दरवर्षी सरासरी १५.६ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषला, तर तोड, आगी आणि इतर हानीमुळे ८.१ अब्ज टन बाहेर पडला, असा हिशेब येथे नकाशाच्या रूपात पाहता येतो. याच हिशेबानुसार उष्णकटिबंधातील तीन मोठ्या वर्षावनांपैकी केवळ काँगोचे वन अजून भक्कमपणे कार्बन शोषणारे उरले आहे; आग्नेय आशियातील जंगले शोषतात त्याहून अधिक सोडू लागली आहेत.

आग्नेय आशियात असे का झाले, हे शोधायला गेले की नकाशाची मर्यादा समोर येते, कारण उत्तराचा मोठा भाग जमिनीखाली आहे. पाणथळ जंगलात गळालेली पाने, फांद्या, मुळे पाण्याखाली प्राणवायूअभावी पूर्ण कुजत नाहीत आणि हजारो वर्षे थरावर थर साचून पीट तयार होते. जगाच्या भूपृष्ठाच्या सुमारे ३ टक्के भागावरील पीटभूमीत सर्व जंगलांच्या झाडाझुडपांत मिळून आहे त्याहून अधिक कार्बन साठलेला आहे. इंडोनेशियात १९९० च्या दशकाच्या मध्यास सुहार्तो राजवटीने मध्य कालीमंतानमधील सुमारे १० लाख हेक्टर पीटभूमी भातशेतीखाली आणण्यासाठी हजारो किलोमीटर कालवे खणले. भात पिकला नाही, पण कालव्यांनी पाणी वाहून नेले आणि पीट कोरडे पडले. त्या भागावरचे उपग्रहचित्र मोठे करून पाहावे: पट्टीने आखल्यासारख्या सरळ रेघा आजही दिसतात. २०१५ मध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले, त्यात पीटभूमीचा वाटा मोठा होता, आणि जागतिक बँकेने नुकसानीचा अंदाज १६ अब्ज डॉलर एवढा वर्तवला.

आगीचे ठिपके नकाशा दाखवतो; पण पीट जळले नाही तरी ते कोरडे पडताच सूक्ष्मजीव त्याचे विघटन सुरू करतात, जमीन वर्षाला काही सेंटीमीटर खचत जाते आणि कार्बन डायऑक्साइड दशकानुदशके बाहेर पडत राहतो. वृक्षाच्छादनाच्या थरावर या सगळ्याची नोंद एवढीच, की झाडे तोडली त्या वर्षी एक गुलाबी चौकोन. पुढे तेथे पामची बाग उभी राहिली की उपग्रहाला पुन्हा हिरवेच दिसते, खाली मात्र क्षरण चालूच असते. उलट, इंडोनेशियाने २०१६ मध्ये पीट पुनर्स्थापनेसाठी स्वतंत्र संस्था नेमून कालव्यांवर बांध घालायला सुरुवात केली. तेथे पाण्याची पातळी हातभर वर आली तर हवामानाच्या दृष्टीने ती मोठी कमाई, पण तीही या थरावर उमटत नाही. पीटभूमीच्या सीमा दाखवणारा स्वतंत्र थर सेवेत आहे आणि तो सुरू केल्याशिवाय आग्नेय आशियाचा नकाशा वाचूच नये, असे माझे मत आहे. तरीही सीमा म्हणजे खोली नव्हे आणि पाण्याची पातळी तर नव्हेच.

शेवटी काँगो खोऱ्याच्या मध्यभागी यावे. तेथील पीटभूमीचा पहिला सविस्तर नकाशा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला: १,४५,५०० चौरस किलोमीटर क्षेत्र आणि त्यात सुमारे ३० अब्ज टन कार्बन, म्हणजे जगाच्या जवळपास ३ वर्षांच्या जीवाश्म इंधनांच्या उत्सर्जनाएवढा. पीटचा थर बंद ठेवला तर त्या जागी पडद्यावर सलग हिरवा रंग आणि तुरळक गुलाबी ठिपके दिसतात. आसपासच्या कोणत्याही जंगलाहून ती जागा वेगळी वाटत नाही.