किट झूम का एकच प्राईम? आणि फोटो दाखवायचे कोणाला?

कॅमेरा घेऊन थोडे दिवस झाले की दोन प्रश्न हमखास पडतात, पुढची लेन्स कुठली घेऊ आणि माझे फोटो बरे येतायत का हे कोण सांगेल. लोक हे दोन्ही वेगवेगळे सोडवतात, लेन्ससाठी रिव्ह्यू बघत बसतात आणि फोटो मिळेल त्या ग्रुपवर टाकतात. मला विचाराल तर दोन्ही एकत्र ठरवा, कारण लेन्स तुम्हाला कुठे उभं राहायचं ते शिकवते आणि दुसऱ्याची नजर तुमच्याकडून काय बघायचं राहिलं ते दाखवते.

आधी झूम. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ एमएम ची किट झूम, म्हणजे रिंग फिरवून दृश्य जवळ-लांब करता येणारी लेन्स (एमएम जितके जास्त तितकं दृश्य जवळ आणि अरुंद), उगाच बदनाम आहे. लग्न, ट्रिप, घरात धावणारी पोरं, सगळं हिच्यात भागतं. अडचण लेन्समध्ये नाहीये, आपल्या सवयीत आहे. आपण जिथे असतो तिथेच उभं राहून रिंग फिरवतो आणि फ्रेम "भरली" की क्लिक करून मोकळे. पण पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे पुढच्या-मागच्या गोष्टी एकमेकींच्या मानाने किती मोठ्या दिसतात ते, ठरतो तो तुम्ही किती लांब उभे आहात त्यावर, रिंगवर नाही. एकदा करून बघा, टेबलावर कप ठेवा, मागे खिडकी असू दे. १८ वर अगदी जवळ जाऊन काढा, मग मागे सरकून ५५ वर कप तेवढाच मोठा येईल असा काढा. कप सारखाच दिसेल, पण पहिल्यात खिडकी लांब कुठेतरी छोटीशी आणि दुसऱ्यात एकदम पाठीला येऊन चिकटलेली. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की रिंगला हात लावायच्या आधी पाय हलायला लागतात, आणि गंमत म्हणजे हा प्रयोग झूमवरच सोप्पा पडतो.

प्राईम म्हणजे एकाच एमएम ची, झूम न होणारी लेन्स, तिच्यात रिंगचा प्रश्नच मिटतो. फ्रेममध्ये नको ते येतंय? पुढे जा, खाली बसा, नाहीतर सोडून द्या. काही दिवसांनी कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच फ्रेम कुठे कापली जाणार ते कळायला लागतं आणि माझ्या मते खरी कमाई ती आहे. उजेडाचा फायदा तर आहेच, एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं, एफ/१.८ ला एफ/५.६ च्या जवळपास दहापट उजेड आत येतो म्हणजे संध्याकाळी घरात फ्लॅशशिवाय काम होतं. पण इथेच एक खड्डा आहे, नवीन माणूस सगळंच १.८ वर काढतो, मागचं सगळं धूसर, आणि मग मागे काय आहे ते बघायची गरजच उरत नाही. शिकायचं असेल तर एफ/५.६ किंवा ८ वर पण भरपूर काढा.

किती एमएम ची घ्यायची? फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ५० ठीक आहे, प्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिये-ब्रेसाँ आयुष्यभर बहुतेक ५० वरच काम करत होता. पण तुमचा कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा असेल (सुरुवातीला बहुतेकांचा तोच असतो) तर तीच ५० जवळजवळ ७५-८० सारखी वागते, चेहऱ्यांना छान पण छोट्या खोलीत भिंतीला पाठ टेकते. तिथे ३५ घ्या.

घ्यायच्या आधी एक फुकटचा उपाय, झूम ३५ वर ठेवा, रिंगवर चिकटपट्टी मारा आणि दोन-तीन आठवडे तशीच वापरा. वैताग आला तर प्राईम तुमच्यासाठी नाही, आणि पक्षी किंवा खेळ काढणार असाल तर तसाही हा सगळा वाद तुमचा नाहीच.

आता फोटो दाखवायचे कोणाला. मोठ्या ग्रुपवर "मस्त", "क्लासिक", अंगठे, बस्स. बरं वाटतं, शिकायला काही मिळत नाही. एकच जाणकार गुरू धरला तर प्रगती पटकन होते पण वर्षभरात तुमचे फोटो त्याच्यासारखे दिसायला लागतात. माझं मत तीन-चार जणांच्या टोळीला, त्यात एकजण फोटोग्राफी न करणारा असला तर उत्तम. नियम एकच, ज्याचा फोटो त्याने आधी गप्प बसायचं. बाकीच्यांनी चांगला-वाईट नाही सांगायचं, नजर आधी कुठे गेली आणि मग कुठे गेली एवढंच सांगायचं. तुम्ही आजीच्या हातांचा फोटो म्हणून दाखवता आणि तिघंही म्हणतात की आधी कोपऱ्यातली पांढरी पिशवी दिसली, मग "अरे पण तिचे हात बघा ना" म्हणून काही उपयोग नसतो.

झूमवाल्यांना तर ही टोळी जास्तच लागते, कारण त्यांना अडवणारं दुसरं काही नसतं. आणि दाखवताना फक्त निवडलेला एक फोटो नेऊ नका, त्याच जागेचे आधीचे फसलेले दोन-तीन पण न्या, एक पाऊल डावीकडे सरकलो असतो तर मागचा खांब डोक्यातून उगवला नसता हे तिथेच कळतं.