इंडक्शन शेगडी : पाच आठवड्यांचा अनुभव

नेरूळच्या आमच्या रो-हाऊसमध्ये तळमजल्यावरील अडगळीची खोली मुलांच्या अभ्यासासाठी नव्याने करून घेताना शेजारचे स्वयंपाकघरही पाच आठवडे बंद राहिले, आणि त्या काळात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेल्या २००० वॅटच्या इंडक्शन शेगडीने आमचे घर सांभाळले. कार्यालयातून परतल्यावर १ वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ आणि ४ वाट्या पाणी कुकरला लावून तीन शिट्ट्या केल्या, की मुलांचे हातपाय धुऊन होईपर्यंत मऊ खिचडी तयार असे.

खरेदीपूर्वी भांडी मात्र अवश्य तपासावीत. ज्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटत नाही, ते भांडे या शेगडीवर तापतच नाही. आमचा जुना ॲल्युमिनियमचा कुकर त्यामुळे माळ्यावर गेला आणि इंडक्शनला चालणारा स्टीलचा घ्यावा लागला. फोडणीचे कढले लोखंडी असूनही त्याचे बूड लहान असल्याने शेगडी ते ओळखत नाही, म्हणून तूप-जिऱ्याची फोडणी मी सपाट बुडाच्या छोट्या कढईत करते. ज्वाळेवर फुगणारी भाकरी येथे होत नाही, त्यामुळे रोज भाकरी लागणाऱ्या घरांनी गॅस सोडू नये. आमचे स्वयंपाकघर आता सुरू झाले आहे, तरी खिचडी मी अजूनही याच शेगडीवर लावते.