एएनएमनंतर जीएनएम: वीस महिन्यांनंतरचा अनुभव

अकोले तालुक्यातल्या एका उपकेंद्रात अकरा वर्षं एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) होते, कंत्राटी. एकोणचाळिसाव्या वर्षी राजीनामा दिला आणि जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीच्या डिप्लोमाला, प्रवेश घेतला. आता दुसरं वर्ष निम्म्याच्या पुढे गेलंय. “ताई, करू का हो?” असे फोन सारखे येतात. प्रत्येकीला तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकते. कॉलेजचं नाव मात्र विचारू नका.

आधी वयाचं. पहिल्या कॉलेजात खिडकीवरच्या माणसाने जन्मतारीख पाहिली आणि फॉर्म परत सरकवला, “पस्तीसच्या वर घेत नाही.” पस्तीसची अट आहेच. पण इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या त्याच नियमात एएनएम आणि एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर) यांना वयाची अट नाही, असंही लिहिलंय. तोंडी सांगून कोणी ऐकत नाही, प्रिंट काढून न्या. दुसऱ्या कॉलेजात मी प्रिंट घेऊनच गेले.

एएनएम झालंय म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं काही नाही. एएनएमचा कोर्स, वर अकरा वर्षांची नोकरी, तरी जीएनएमची तीन वर्षं पहिल्या पानापासून. म्हणजे अगदी बेड कसा करायचा इथून. चादरीचा कोपरा नीट बसला नाही म्हणून माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या मॅडमनी तो तीनदा उकलायला लावला. राग आला होता. एवढं तरी आम्हाला माफ करायला हवं होतं, असं अजूनही वाटतं.

मग मिळालं काय? एक उदाहरण सांगते. लसीकरणाच्या दिवशी आइसपॅक बाहेर काढून ठेवायचा, कानाशी धरून हलवायचा आणि आत पाणी खळखळलं की मगच व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये भरायचा. हे मी झोपेतही केलं असतं. का, ते मायक्रोबायोलॉजीच्या तासाला कळलं. पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे बाळांच्या पाच रोगांवरच्या लसीत, ॲल्युमिनियमचा क्षार असतो. लस गोठली की त्याच्या गुठळ्या होतात आणि ती वाया जाते, मग भले बाळाला टोचा. अकरा वर्षं काम बरोबरच केलं, पण कोणी “का?” विचारलं असतं तर “वरून तसं सांगितलंय” एवढंच उत्तर होतं माझ्याकडे.

आणि आता जिथे माझी खरी फजिती झाली ते. इंजेक्शन देण्यात आपला हात धरणारं कोणी नाही, अशा तोऱ्यात मी वॉर्डात गेले. बालरुग्ण विभागात आठ किलोचं बाळ, सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक ४०० मिलिग्रॅम. व्हायल १ ग्रॅमची. सिस्टर म्हणाल्या, “दहा एमएल करून घ्या, किती काढाल?” मी गप्प. शेजारची एकोणीस वर्षांची पोरगी पटकन म्हणाली, “चार एमएल.” दहा एमएलमध्ये हजार मिलिग्रॅम, म्हणजे एकात शंभर. पाचवीतलं गणित! रात्री हॉस्टेलवर विचार करत बसले की मला हे का सुचलं नाही. तेव्हा लक्षात आलं, लसीकरणाची एडी सिरिंज (एकदाच वापरता येणारी) ०.५ एमएलला आपोआप अडते. माझं गणित अकरा वर्षं त्या सिरिंजने केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून वही घातली आणि रोज पाच गणितं सोडवायला लागले. ५०० एमएल सलाईन सहा तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा (म्हणजे २० थेंबांचा एक एमएल), तर मिनिटाला २८ थेंब. आता घड्याळ हातात धरून मोजते आणि चुकत नाही. तुम्ही येणार असाल तर हे घरूनच करून या. बाकी कशाचीही तयारी नसली तरी चालेल.

इंग्रजीचा त्रास सगळ्याजणी सांगतात, तो खराच आहे. आमचं एएनएम मराठीत झालं, इथे पुस्तकं, जर्नल, पेपर सगळं इंग्रजीत. पहिल्या टर्मला ॲनाटॉमीत काठावर पास झाले. पण शब्द ठरावीकच असतात, सहा महिन्यांत सरावाचे होतात. त्याहून जास्त जीव खातं ते केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेचा आराखडा, लिहिणं. पेशंटपाशी वीस मिनिटं, कागदापाशी दोन तास.

तरी एकदा त्या कागदावरूनच गंमत झाली. जुलाबाचं बाळ, आमच्या मुलींनी फ्लुइड व्हॉल्यूम डेफिसिट (अंगातलं पाणी कमी होणं) वगैरे सुरेख लिहिलेलं. मी त्याच्या आईला विचारलं, “ओआरएसची पावडर कशी कालवता हो?” ती म्हणाली, “चिमूटभर, पेल्यात. एवढं लिटरभर पाणी पोर कुठं पितंय?” पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात एकदम कालवायची आणि चोवीस तासांत थोडी थोडी पाजायची, हे तिला कोणी बाटली समोर धरून दाखवलंच नव्हतं. मी दाखवलं. मॅडमनी माझा प्लॅन वर्गात वाचायला लावला, स्पेलिंगच्या चुकांसकट.

वयाचा एक तोटा कोणी सांगत नाही. विद्यार्थिनीच्या गणवेशात असले तरी केसांत पांढरं दिसतं, त्यामुळे नातेवाईक सरळ “मावशी, बेडपॅन” म्हणून हाक मारतात. पहिले काही दिवस लागलं. आता बेडपॅन देते आणि जाता जाता बीपीही घेते.

पैशाचं थोडक्यात सांगते. फी सगळ्या विचारतात, पण खरी फी म्हणजे तीन वर्षांचा बुडालेला पगार. घरात दुसरा कमावता नसेल तर दहादा विचार करा. माझ्या नवऱ्याचं दुकान आहे म्हणून निभावतंय.

हे करावं कोणी? ज्यांना उपकेंद्राच्या कामातच समाधान आहे त्यांनी केवळ “नावापुढे जीएनएम” म्हणून करू नये, दम लागतो. ज्यांना अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) जागेसाठी अर्ज करायचाय, वॉर्डात काम करायचंय, त्यांनी मात्र करावं. एएनएमवर ते पद मिळत नाही, आणि पुढचं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगही थेट मिळत नाही, आधी जीएनएम लागतंच. जीएनएमला बारावीही लागते. दहावीवर जुनं एएनएम केलेल्या आमच्यासारख्यांनी बारावीचं आधी बघा. मी ती बाहेरून दिली, ते दीड वर्ष या हिशेबात धरलेलंच नाही.

आणि कॉलेजला लागलात तरी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडचं एएनएमचं रजिस्ट्रेशन वेळेवर रिन्यू करा. माझ्या वर्गातल्या एकीने सोडून दिलं होतं. सुट्टीत तालुक्याला एका नर्सिंग होममध्ये महिनाभराचं काम मिळत होतं, पण कागद मागितले आणि तिला हात हलवत परत यावं लागलं.