डिजिटल सोयींचा ट्यूब ॲम्प की साधा ट्यूब ॲम्प?

भाच्याला गिटारसाठी ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा ॲम्प्लिफायर, घ्यायचाय. सराव फ्लॅटमध्ये, कार्यक्रम महिन्यातून दोन. त्याचं मन ह्यूजेस अँड केटनरच्या ग्रँडमायस्टर डिलक्स ४० आणि फेंडरच्या '६५ डिलक्स रिव्हर्ब यांत अडकलंय.

आवाजाची पातळी आधी बघावी. फेंडर २२ वॅटचा, पण मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे सूर तसाच ठेवून एकूण आवाज कमी करायचं बटण, नाही. त्याचा गोड, किंचित फाटणारा सूर व्हॉल्यूम चढवल्यावरच येतो आणि तेव्हा खालचा मजलाही ऐकतो. ग्रँडमायस्टर ४० वॅटवरून २०, ५, १ आणि थेट शून्यावर येतो. शून्यावर स्पीकर न जोडताही चालतो, रेड बॉक्स या थेट रेकॉर्डिंगच्या आउटपुटमधून रेकॉर्डिंग होतं. रात्री अकराला वाजवणाऱ्याला ही सोय फार मोठी आहे. फेंडर मात्र स्पीकरशिवाय कधीही चालू करू नये, ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

सोयींत तुलनाच नाही: ग्रँडमायस्टरमध्ये १२८ प्रीसेट (साठवून ठेवलेल्या सेटिंग्ज), मिडी (दुसऱ्या उपकरणातून नियंत्रण), डिजिटल डिले (प्रतिध्वनीचा परिणाम). त्याचा मूळ सूर मात्र ट्यूबमधूनच घडतो.

वजनात गंमत आहे. ग्रँडमायस्टर हलका, पण तो नुसता हेड, म्हणजे स्पीकरविना ॲम्प. स्पीकरचं कॅबिनेट वेगळं घ्यावं लागतं, त्याचा खर्चही धरा. फेंडर सुमारे १९ किलो, स्पीकरसकट.

दुरुस्तीत मी फेंडरच्या बाजूने. सर्किट साधं, जाणकार कारागीर उघडून दुरुस्त करतो. ग्रँडमायस्टर ट्यूबचा बायस (ट्यूबमधल्या विद्युतप्रवाहाची जुळणी) स्वतः सांभाळतो, पण डिजिटल बोर्ड बिघडला तर सुटा भाग मिळवणं अवघड.

स्वच्छ सूर हवा असेल, इफेक्टची पेडल वापरत असाल आणि मोकळी जागा असेल तर फेंडर घ्या. भाच्याला मी ग्रँडमायस्टरच सांगितला.