भाच्याने आणलेला अर्जेंटिनाचा खाऊ: काय मागवावं, काय नाही

माझा भाचा तेलाच्या जहाजावर आहे. आपल्या फोडणीत पडणाऱ्या सोयाबीन तेलातलं बरंचसं अर्जेंटिनातून येतं आणि ते पाराना नदीकाठी, रोसारिओच्या आसपासच्या बंदरांत जहाजात भरतात. या खेपेला भराई लांबली, म्हणून साहेब गावात फिरले आणि येताना मावशीसाठी पिशवी घेऊन आले. आत ‘येर्बा माते’ या चहासारख्या कडू पेयाच्या पानांचा एक किलोचा पुडा, ते प्यायचा छोटा भोपळा, धातूची नळी, दुल्से दे लेचेची, म्हणजे आटवलेल्या गोड दुधाची, बरणी आणि आल्फाहोर नावाच्या बिस्किटांचा डबा. मी सांगलीत वीस वर्षं दिवाळीचा फराळ करून विकते, तेव्हा हे मत कढईसमोर उभं राहणाऱ्या बाईचं आहे असं समजून वाचा.

आधी बरणी. झाकण उघडल्याबरोबर बासुंदीच्या पातेल्याच्या खरवडीचा वास आला. करपलेल्या नव्हे, करपायच्या मिनिटभर आधीच्या. रंग काकवीचा, चव थेट गोड. वेलची नाही, जायफळ नाही, फक्त मागे जराशी व्हॅनिला. भाच्याने बरणीवरचं वाचून दाखवलं: दूध, साखर, खायचा सोडा. सोडा ऐकून मी चमकले. आपल्याकडे दुधात सोडा सापडला तर दूधवाल्याशी भांडण होतं! पण तिकडे तो रीतसर घालतात. दूध आटेल तसा त्यातला आंबटपणाही दाट होतो आणि ते फाटायला बघतं. सोडा तो आंबटपणा मारतो, वर रंगही लवकर धरतो.

मग मला राहवेना. दोन लिटर म्हशीचं दूध, अर्धा किलो साखर, पाव चमचा सोडा. सोडा पडताच दूध फसफसून शेगडीवर आलं. उरलेलं दोन तास ढवळलं, तर कडेला तूप सुटायला लागलं. चव बरी होती, पण तो गुळगुळीतपणा नाही. गाईचं दूध घ्यायला हवं होतं. तिकडे अशी आख्यायिका सांगतात की 1829 साली कान्युएलास गावाजवळ रोसास नावाच्या पुढाऱ्याच्या छावणीत मोलकरीण चुलीवरचं दूध-साखर विसरली आणि हा पदार्थ झाला. दोन तास हात चालवलेली बाई यावर विश्वास ठेवणार नाही. विसरलेलं दूध बुडाला लागतं, बरणीत जात नाही.

दुसरा उद्योग म्हणजे बरणीतलं सारण करून करंज्या. बारातल्या सात तेलात फुटल्या आणि एक लिटर तेल काळं झालं. चूक माझीच. पावावर लावायचं पातळ वेगळं आणि ‘रेपोस्तेरो’ नावाचं मिठाईवाल्यांचं घट्ट वेगळं, हे भाच्याने नंतर सांगितलं. सारणाला दुसरं लागतं.

आल्फाहोरला मात्र पैकीच्या पैकी. दोन बिस्किटं, मध्ये हेच दुल्से, आणि कडेला खोबऱ्याचा कीस लावलेला. बिस्किटात कॉर्नफ्लोअर जास्त असतं, त्यामुळे नानखटाई जशी भुसभुशीत तुटते तसं हे तुटत नाही, जिभेवर बसतं. नाव मूळचं अरबी, स्पेनमार्गे तिकडे गेलेलं. डब्यातली चार चॉकलेटात बुडवलेली होती. ती पोरांना दिली, मला त्यात काही विशेष वाटलं नाही. खोबऱ्याची मात्र मी मोजून ठेवली होती आणि आमच्या ह्यांनी त्यातलं एक चोरलं.

आता माते. लिहितात येर्बा, पण भाचा म्हणतो तिकडे ‘शेर्बा’ म्हणतात. मिसिओनेस आणि कोरिएंतेस या ईशान्येकडच्या प्रांतांतल्या झाडाची ही वाळवलेली पानं. चहाशी नातं नाही, पण कॅफीन भरपूर. आम्ही संध्याकाळी सहाला प्यालो आणि रात्री एकपर्यंत छताकडे बघत पडलो.

भोपळ्याचं मी वाटोळं करणार होते. भांड्याच्या साबणाने घासून, पालथा घालून कपाटात ठेवला. तिसऱ्या दिवशी आत पांढरी बुरशी. मिरजेला जायचंच होतं, तर पिशवीत टाकून सतारमेकर गल्लीत नेला. तिथल्या एका कारागिराने बोटाच्या पेराने टिचकी मारली, कानाशी धरला आणि म्हणाले, “ताई, हा आमचाच भोपळा, बारका.” तंबोऱ्याला लागतो तोच वेल, दुधीच्या जातीचा. त्यांच्याकडे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून हे एवढाले येतात. “ओला कोंडला तर कुजणारच. खरवडा, आणि तोंड वर करून वाळवा.” घरी येऊन खरवडला, उकळतं पाणी फिरवलं, दोन दिवस उन्हात ठेवला. मग समजलं की तिकडेही नवा भोपळा ओल्या पानांनी भरून एक दिवस ठेवतात आणि खरवडूनच वापरायला काढतात.

पाणी उकळलेलं चालत नाही, सत्तर ते ऐंशी अंश. तेवढं आपल्याला कळणार कसं? बुडाशी बारीक बुडबुडे दिसले की मी गॅस बंद करते. भोपळा पाऊणभर पानांनी भरायचा, तिरपा करून एका बाजूला खळगा करायचा, तिथे पाणी घालून नळी रोवायची आणि मग ती हलवायची नाही. मी चमच्यासारखी ढवळली, तर नळी तुंबली. पहिला घोट काडेचिराईताचा सख्खा भाऊ. त्यावर मत बनवू नका. त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी घालतात. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला कडूपणा बसतो आणि हिरवा, जरा धुरकट स्वाद येतो. दहाव्याला नुसतं गवत. ह्यांनी साखर घातली. तिकडेही गोड पिणारे आहेत म्हणे, म्हणून मी गप्प बसले.

खरी अडचण पुढेच. एकच भोपळा, एकच नळी, सगळ्यांनी आळीपाळीने. वाढणारा एकच, पहिला घोट त्याचा, आणि ‘ग्रासियास’, म्हणजे धन्यवाद, म्हटलं की तुम्हाला पुढचा मिळत नाही. माझ्या सासूबाई असत्या तर ते उष्टं बघून उठून गेल्या असत्या. मीही पहिल्यांदा पदराने नळी पुसली. भाचा हसला, “मावशी, तिकडे असं पुसलंस तर लोकांना राग येईल.” आता पुसत नाही. घरातलेच असले तर.

एम्पानादा पिशवीतून येण्यासारख्या नव्हत्या, त्यांचे फोटो पाहिले. मैद्याची करंजीच, भट्टीत भाजलेली किंवा तळलेली, आणि कडेला चक्क मुरड! आत बहुतेकदा मांस, पण मक्याच्या आणि कांदा-चीजच्याही मिळतात. सारण ओळखू यावं म्हणून मुरड वेगवेगळी घालतात, हे मला फार आवडलं. यंदा खव्याच्या करंजीला मुरड आणि ओल्या नारळाच्या करंजीला कातणाची कड, असं मी ठरवून टाकलंय. दरवर्षी गिऱ्हाईकं डबा उघडून विचारतात, यातली कुठली कुठली?

पुढच्या खेपेची यादी भाच्याला पाठवली: रेपोस्तेरोच्या दोन बरण्या, खोबऱ्याचे आल्फाहोर दोन डबे, चॉकलेटचे नकोत. येर्बा अजून अर्धा पुडा शिल्लक आहे. नळी मात्र जाळी काढून धुता येणारी बघ.