आबांची ठासणीची बंदूक आणि जळगावचं दुरुस्तीचं दुकान

आमच्या आबांची ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची, बंदूक यंदा जळगावला दुरुस्तीला दिली होती. दुकान जुन्या गावात आहे, परवानाधारक. बाप-लेक दोघंच चालवतात. नाव छापू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही. काम मात्र सांगण्यासारखं झालं आहे, आणि एक तक्रारही आहे.

आम्ही धरणगाव तालुक्यातले. आबांच्या मूळ परवान्यावर अजून ‘पूर्व खानदेश’ असा शिक्का दिसतो. रानडुकरांपासून ज्वारी राखायला ती बंदूक घेतलेली. आबा गेल्यावर वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला. पण बंदूक वीस वर्षं माळ्यावरच होती. नळी तांबडी पडलेली, दस्त्याला मनगटापाशी चीर. घोडा, म्हणजे बार उडवणारी वरची छोटी हातोडी, अर्ध्यावर ओढला की थांबायचाच नाही, सरळ पुढे पडायचा.

घरी मी फक्त लाकडाला हात लावला. ओल्या फडक्याने मळ काढला आणि घाण्याचं जवसाचं तेल तळहाताने चोळलं, एकदम पातळ. एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, नाहीतर चिकट थर बसतो. पंधरा दिवसांत पाच हात झाले. पॉलिश पेपर लावला नाही. दस्त्यावर आबांचा अंगठा जिथे टेकायचा तिथे लाकूड गुळगुळीत झालंय, ते मला घालवायचं नव्हतं.

दुकानात गेलो तेव्हा म्हाताऱ्या बाबांनी बंदूक हातात घेतली आणि आधी नळी वर करून गज, म्हणजे दारू ठासायची लांब सळई, आत सोडला. तोंडाशी अंगठ्याने खूण धरली, गज बाहेर काढून नळीला लावून पाहिला. चार बोटं कमी! आत काहीतरी होतं. मी घाबरलोच, कारण वीस वर्षं ती बंदूक पोरांच्या डोक्यावर माळ्यात होती. भरलेली आहे असंच समजायचं, म्हणाले. दोन दिवस नळीत तेल मुरवलं, मग गजाच्या टोकाला मळसूत्र लावून हळूहळू ओढलं. निघालं काय, तर कुंभारमाशीचं मातीचं घर आणि चिंध्या. या एका तपासणीसाठी मी त्यांना पूर्ण गुण देतो. जुनी बंदूक घरात असेल त्याने घरी काहीही करू नये, आधी हे करून घ्यावं.

खरी गोष्ट पुढची. माझ्या मनात होतं की नळी वीतभर कापून घ्यावी, वावरात फिरवायला सोपी, आणि वरून चकचकीत काळा रंग चढवावा. बाबा म्हणाले, “नळीले हात लावानं काम नई, भाऊ.” मग मुलाने समजावून सांगितलं. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवानगीशिवाय नळी आखूड करणं गुन्हा आहे. शिवाय गंज घासून काढला की नळीची भिंत पातळ होते, आणि ती किती उरली हे डोळ्यांना दिसत नाही. त्यांनी बारीक लोखंडी लोकर तेलात बुडवून फक्त सुटा गंज काढला, खालचा जुना तपकिरी रंग तसाच ठेवला. आता बघतो तर तोच शोभतोय.

बाकी कामं चोख. बुजलेलं निपल, म्हणजे ठिणगीची टोपी जिच्यावर बसते ती भोकाची छोटी बोंडी, बदललं. कुलपातली, म्हणजे घोडा धरणाऱ्या यंत्रातली, झिजलेली खाच दुरुस्त केली, घोडा आता अर्ध्यावर घट्ट बसतो. बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुवायची, पूर्ण वाळवायची, मगच तेल, हे बाबांनी तीनदा सांगितलं. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते आणि एका रात्रीत गंज धरते. काडतुसातली बिनधुराची दारू या नळीत कधीच घालायची नाही, तिचा दाब ही नळी झेलणार नाही.

आमच्याकडे कुठलीही जुनी बंदूक इंग्रज अधिकारी औट्रमसाहेबाने खानदेशात उभ्या केलेल्या भिल्ल पलटणीतली म्हणून सांगतात. तेही विचारलं. बाबांनी निपलवर बोट ठेवलं. पलटण उभी राहिली १८२५ मध्ये, तेव्हा फौजेत चकमकीच्या, गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुका होत्या. ही टोपीची, म्हणजे नंतरची. घरी सांगितल्यावर काका नाराज झाले.

आता तक्रार. खंडेनवमीच्या पूजेला बंदूक घरी हवी, असं देतानाच सांगितलं होतं. तीन आठवडे बोलले, सात लागले. फोन उचलत नव्हते. मी चार खेपा मारल्या आणि पूजेला पाटावर नुसता परवाना ठेवावा लागला. आईला ते फार लागलं. चिरेत भरलेला तुकडाही जरा फिका दिसतो. बिल ३,८०० झालं, ते मला जास्त वाटलं नाही.

जाणार असाल तर मूळ परवाना सोबत न्या, झेरॉक्सवर ते बंदूक ठेवून घेत नाहीत. वहीत नोंद झाल्याशिवाय तुम्हीही निघू नका. दिवाळीनंतर मी गज घेऊन परत जाणार आहे. त्याचं पितळी टोक हलतंय.